निवेदन म्हणजे अपील नव्हे : ग्रामपंचायत-नगरपरिषदेविरुद्ध जागेची तक्रार कुठे आणि कशी करावी

महिन्याच्या पहिल्या सोमवारी यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांच्या हातात हमखास एक प्लास्टिकची पिशवी दिसते. पिशवीत घरटॅक्सच्या पावत्या, नमुना ८ ची झेरॉक्स, आधार कार्ड आणि निवेदनांचा गठ्ठा. प्रत्येक निवेदनावर पोच म्हणून मारलेला गोल शिक्का. आमदारांना दिलेले, पालकमंत्र्यांना दिलेले, तहसीलदारांना दिलेले, पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांना दिलेले.

जिल्ह्यातील एका गावच्या विधवा बाईंची पिशवी आम्ही अशीच उघडून पाहिली होती. ग्रामपंचायतीने रस्ता मोकळा करायचा म्हणून त्यांच्या घराचा ओटा आणि न्हाणीघर पाडले होते. सात महिन्यांत त्यांनी अकरा निवेदने दिली होती. पिशवीत नव्हता तो एकच कागद, म्हणजे ज्या आदेशावरून घर पाडले त्या आदेशाची प्रत. आणि कोणत्याही कार्यालयात अपील दाखल केलेले नव्हते. "एवढे अर्ज केले ना भाऊ," असे त्या म्हणाल्या. खरेच केले होते. पण त्यातला एकही अर्ज कायद्याच्या भाषेत अपील नव्हता आणि अपिलाची ३० दिवसांची मुदत दुसऱ्या-तिसऱ्या निवेदनाच्या वेळीच संपून गेली होती.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हे सतत दिसते. मोर्चा, धरणे, निवेदन यांचा दबाव पडतो, ते करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण त्याने मुदत थांबत नाही. म्हणून जागेच्या वादात कोणते दार कशासाठी आणि ते किती दिवस उघडे असते, याची ही माहिती.

आधी जागा कोणाची ते पाहा

तक्रार लिहिण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : वादाची जागा कोणत्या दप्तरात, कोणाच्या नावाने आहे? आपल्या जिल्ह्यात याची उत्तरे साधारण चार प्रकारची निघतात. जागा गावठाणात असते, गावठाणाबाहेर ई-क्लासमध्ये असते, शहरात असेल तर नझूल असते, किंवा ग्रामपंचायतीच्या वा नगरपरिषदेच्या मालकीची असते. खाजगी सातबाऱ्यावरची असेल तर तो वेगळा विषय.

ई-क्लास हा शब्द पुण्या-साताऱ्याकडच्या कार्यकर्त्याला समजावून सांगावा लागतो, वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक असतो. गुरे चारण्यासाठी आणि गावाच्या सामायिक उपयोगासाठी राखलेली ही सरकारी जमीन. तिची मालकी शासनाची आणि देखभाल बहुधा ग्रामपंचायतीकडे. गावठाणात जागा न मिळालेल्यांची वस्ती गावाच्या कडेला याच जमिनीवर वाढत गेली, आणि ती कोणाची असते हे वाचकांना सांगायला नको. घर तीन पिढ्यांचे असले तरी कागदावर ते 'अतिक्रमण' असते. सरपंच बदलला, किंवा रस्त्याचे वा व्यापारी गाळ्यांचे काम निघाले की हाच शब्द बाहेर काढला जातो.

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा शहरांत घर जुन्या भागात असेल तर नझूलचा शीट नंबर आणि प्लॉट नंबर लागतो. तो भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांच्या कार्यालयात मिळतो. नझूल जागा शासनाची असून भाडेपट्ट्याने दिलेली असते. त्यामुळे भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाचे गाऱ्हाणे नगरपरिषदेकडे नेऊन उपयोग नाही, ते महसूल खात्याचे काम.

या घोळात भर पडते ती नमुना ८ ची. नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. घर कोणाचे, केवढे आणि त्यावर किती कर, एवढेच ती सांगते. त्यावर नाव लागले म्हणून जागेची मालकी मिळत नाही. हे आपल्या लोकांना पटवणे फार जड जाते, कारण गावात सगळे व्यवहार त्याच कागदावर चालतात. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : ग्रामपंचायतीने ठराव करून नमुना ८ वरचे नाव कमी केले म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. मालकी ठरवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाहीच, तो दिवाणी न्यायालयाचा आहे. मात्र जुन्या करपावत्या, वीजबिले आणि मतदार यादीतला घर क्रमांक हे ताब्याचे चांगले पुरावे ठरतात. घर शाकारताना, रंगवताना त्या फेकून देऊ नका. १९९० च्या आधीची एखादी पावती कधी कधी वकिलाच्या भाषणापेक्षा जास्त काम करते. का, ते पुढे येईलच.

गावठाणातल्या घरांसाठी आता ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळत आहेत. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली. त्याआधी महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावी गावठाण मोजणीचा प्रयोग झाला होता. या मोजणीत आम्हाला दोन अडचणी दिसल्या. चुना टाकून हद्दी आखल्या जातात तेव्हा घरमालक हजर असावा लागतो. पुसद, महागाव, उमरखेड भागातली कुटुंबे त्या वेळी ऊसतोडीला गेलेली असली तर शेजारी दाखवील ती हद्द ठरते. चौकशीच्या टप्प्यावर लेखी हरकत दिली तर ती तिथेच सुटू शकते, सनद हाती आल्यावर तेच काम कठीण होते. दुसरी अडचण अशी की ही योजना गावठाणाची आहे. ई-क्लासवरची वस्ती तिच्यात सहसा येतच नाही. "ड्रोन उडला, आपल्यालाही कार्ड मिळणार" म्हणून कित्येक जण वाट पाहत बसले आहेत.

कोणते दार कशासाठी

ग्रामपंचायतीने रस्त्यावरचे किंवा मोकळ्या सार्वजनिक जागेवरचे अतिक्रमण म्हणून तुमचे बांधकाम काढले, तर ती कारवाई महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ खाली होते. त्याविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी अमरावतीला, अपील करता येते. मुदत ३० दिवस. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, नाहीतर अपील चालू राहते आणि उरलेली भिंतही पडते. अपिलात पहिला मुद्दा मोजणीचा घ्यावा. जागा सार्वजनिक आहे हे ग्रामपंचायतीने कशावरून ठरवले? भूमी अभिलेखची मोजणी झाली होती का, की ग्रामसेवकाने टेप लावून कागद केला? (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. अर्जावर नवे पदनाम लिहा, गावात विचारताना जुनेच विचारा.)

कराची आकारणी चुकली, दुसऱ्याच्या घराचा कर तुमच्यावर चढवला, तर कलम १२४ खाली पंचायत समितीकडे अपील आहे. ग्रामपंचायत उतारा देत नसेल, अर्ज घेत नसेल, ठरावाची नक्कल अडवत असेल तर तो कामातला कसूर झाला. त्याची तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि पुढे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. नुसता उतारा हवा असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाचा आधार घ्या. त्यात ठरलेल्या दिवसांत सेवा मिळाली नाही तर खात्यातच पहिले आणि दुसरे अपील करता येते.

ई-क्लास किंवा अन्य शासकीय जमिनीवरून नोटीस आली तर ती बहुधा तहसील कार्यालयातून, जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ५० खाली येते. फेरफाराची नोंद चुकीची झाली तर तिलाही हाच कायदा. तहसीलदारांच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, मुदत ६० दिवस. उशीर झाला तर कारणांसह विलंब माफीचा अर्ज जोडता येतो. शासन म्हणते जागा आमची आणि तुम्ही म्हणता आमची, असा सरळ वाद असेल तर कलम २० खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशी मागता येते. तिथला निकाल विरोधात गेला तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो. हे वर्ष हातचे घालवलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

नगरपरिषद आणि नगरपंचायतींना १९६५ चा वेगळा अधिनियम आहे. तक्रार आधी मुख्याधिकाऱ्यांकडे. पण तक्रार जर परिषदेच्या ठरावाबद्दलच असेल, समजा वस्तीतली खुली जागा गाळ्यांसाठी द्यायचा ठराव झाला, तर कलम ३०८ खाली तो ठराव स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्जात हे कलम लिहून स्थगिती मागा. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असे लिहिले तर योग्य ती कार्यवाही म्हणजे अर्ज पुन्हा मुख्याधिकाऱ्यांकडेच पाठवला जातो. दावा लावायचा तर कलम ३०४ प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारून घ्या. विकास आराखड्यात तुमच्या खाजगी जागेवर आरक्षण पडून दहा वर्षे झाली आणि संपादन झाले नसेल, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची खरेदी सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते.

घरावर थेट जेसीबी येण्याची भीती असेल तर १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खिशात ठेवा. पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, कारणे दिलेला आदेश आणि पाडताना चित्रीकरण, हे त्यात बंधनकारक केले आहे. तो न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला वैयक्तिक जबाबदार धरण्याचेही म्हटले आहे. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-नाल्यासारखे जलस्रोत आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेली बांधकामे यांना हे संरक्षण लागू नाही. आपल्या वस्त्या नाल्याच्या काठाने किती आहेत हे आठवले म्हणजे या अपवादाचे वजन कळते.

१९९० ची पावती आणि २०११ ची तारीख

भूमिहीनांना पडीक जमीन द्या ही मागणी घेऊन दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरपासून सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. पुढे शासनाने अतिक्रमणे नियमित करण्याचे जे निर्णय घेतले त्यांच्या मागे ती लढाई आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीनांची शेतीसाठीची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली. तारीख कोणती निवडली ते पाहा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची. त्या तारखेआधीचा पुरावा म्हणजे पावती, दंडाची नोटीस किंवा पंचनामा. अतिक्रमण केल्याबद्दल वडिलांना झालेला दंड आज मुलाच्या कामी येतो. दंडाची पावती लाज वाटून फाडून टाकणारेही आम्हाला भेटले आहेत.

राहत्या घरांसाठी ग्रामविकास विभागाचा १६ फेब्रुवारी २०१८ चा निर्णय आहे. त्यात १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची पद्धत दिली आहे. घरकुल मंजूर झाले पण स्वतःची जागा नाही म्हणून हप्ता अडला, अशांसाठी हा निर्णय महत्त्वाचा. अडचण गायरानाची आहे. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितले आणि त्यानंतर राज्याचा १२ जुलै २०११ चा निर्णय आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली तेव्हा राज्यभर नोटिसा निघाल्या. जगपाल सिंग निकालातच भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती यांना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसारख्या अपवादांचा उल्लेख आहे. नोटिसा काढणारे तो परिच्छेद वाचत नाहीत. नोटिशीच्या उत्तरात आपण तो लिहायचा.

केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव या तालुक्यांतील अनुसूचित क्षेत्राच्या गावांत पेसा लागू आहे. तिथे ग्रामसभेच्या अधिकारांचा वेगळा विचार करावा लागतो, आणि कोलाम, गोंड बांधवांच्या जमिनीशी आपल्या मागणीचा संघर्ष होत नाही ना हेही पाहावे लागते. त्यावर स्वतंत्र लिहू.

विहाराची जागा

विहार आणि समाजमंदिर यांबाबत एक वेगळे सांगायचे आहे. समाजमंदिर शासकीय निधीतून बांधलेले असेल तर ते ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत असते, वस्तीच्या नावाने नव्हे. मग एखादा सरपंच त्याला कुलूप लावतो किंवा तिथे दुसरेच कार्यालय भरवतो. विहार वर्गणीतून बांधलेला असेल तर जागेचा ठराव शोधा. वडीलधारी सांगतात, "ठराव झाला होता." कोणत्या साली, कोणत्या सभेत, ठराव क्रमांक किती, हे कोणाला सांगता येत नाही. माहिती अधिकारात त्या वर्षाच्या ग्रामसभेचे इतिवृत्त मागा. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील आणि मग अमरावती खंडपीठाकडे दुसरे.

सार्वजनिक जागांवरील धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आणि त्यावर राज्याचा ५ मे २०११ चा निर्णय आहे. २००९ च्या त्या तारखेनंतरचे बांधकाम वाचवणे फार अवघड, आधीचे असेल तर नियमित होण्यास वाव. म्हणून विहाराचे जुने फोटो, उद्घाटनाची पत्रिका, वर्षावासाच्या कार्यक्रमांची पत्रके जपून ठेवावीत. नवा विहार रस्त्याच्या कडेला रातोरात उभा करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. काही तरुणांना ते आवडत नाही. पण खटला पुढची वीस वर्षे त्यांनाच चालवावा लागतो.

सदस्यत्वावर उलटणारे कलम

सरपंच किंवा सदस्यानेच सार्वजनिक जागा बळकावली असेल तर कलम १४(१)(ज-३) खाली त्याला अपात्र ठरवण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. जनाबाई प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक केला. अतिक्रमण स्वतः केलेले नसले, ते कुटुंबाकडून चालत आलेले असले आणि सदस्य त्याचा लाभ घेत असला, तरी तो अपात्र ठरू शकतो.

हे शस्त्र कोणावर जास्त चालते ते गावात राहणाऱ्याला कळते. राखीव जागेवर निवडून आलेली आपली सून सासऱ्याच्या घरात राहते, घर ई-क्लासवर असते आणि निकालानंतर महिनाभरात तक्रार पडते. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या सरपंच मनीषा पानपाटील यांच्यावर अशीच तक्रार झाली होती. त्या सासूसोबत शासकीय जागेवरच्या घरात राहतात, असा आरोप होता. आपण पतीसह वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हाधिकारी, आयुक्त, उच्च न्यायालय सगळीकडे त्या हरल्या. २७ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि निवडून आलेल्या ग्रामीण स्त्रीला इतक्या सहज काढणे गंभीर असल्याचे सुनावले. उमेदवारी अर्ज भरण्याआधीच घराच्या जागेचे कागद तपासा. जिल्हाधिकाऱ्यांचा निकाल विरोधात गेला तर कलम १६ खालच्या अपिलाला अवघे १५ दिवस असतात.

अर्ज लिहिताना

एका अर्जात एकच मागणी ठेवा. जागेचा गट, शीट-प्लॉट किंवा मिळकत क्रमांक, चतुःसीमा, घडलेल्या गोष्टीची तारीख, कलम आणि नेमकी मागणी, एवढे पुरते. जातीवरून अन्याय झाला हे खरे असेल तर ते लिहावेच, पण ते पोलिसांकडच्या तक्रारीत जास्त उपयोगी पडते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीची जमीन बळकावणे, तिला जागेवरून बेदखल करणे किंवा सामायिक मालमत्ता वापरू न देणे हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हे आहेत. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० पासून आहे, दाखला मात्र हाताशी हवा.

लोकशाही दिनाचा अर्ज १५ दिवस आधी द्यायचा असतो. तालुक्याला तिसऱ्या सोमवारी आणि तिथे सुटले नाही तर जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. न्यायालयात असलेली प्रकरणे आणि महसुली अपिले तिथे घेतली जात नाहीत. कामातली दिरंगाई मोडायला तो चांगला, आदेश फिरवायला नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती आहे. साधा अर्ज आणि जातीचा दाखला पुरतो. मिळालेला वकील तारखेला आला नाही तर बदलून मागता येतो, हेही सांगून ठेवतो.

त्या विधवा बाईंना तिथूनच वकील मिळाला. माहिती अधिकारात कागद मागितले तेव्हा ग्रामपंचायतीकडून ठरावाची नक्कल आली, मोजणीचा नकाशा आला नाही, कारण मोजणी झालीच नव्हती. अमरावतीला अपील दाखल केले आहे, सोबत उशिराची कारणे देणारा अर्ज आहे. त्या कारणांच्या पुराव्यासाठी अकरा निवेदनांच्या पोच जोडल्या आहेत. उशीर माफ होईल की नाही हे पुढच्या तारखेला कळेल. न्हाणीघराला सध्या ताडपत्री आहे.